चौकटीत न मावणारी तक्रार

(मावळ तालुक्यातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल, हे संगणकवाल्यांचं काम, आपला काय संबंध? मोबाइलवरच्या ॲपमध्ये लिहिण्यासाठी जी चौकट असते, तिच्यात किती अक्षरं मावू द्यायची, हा तो विषय. पण योजनेचा फॉर्म, रेशनची तक्रार, पोलिसांकडचा अर्ज, कामाच्या ठिकाणच्या छळाची तक्रार हे सगळं हळूहळू मोबाइलवर येत आहे. मग चौकटीचं माप ठरवणारा माणूस बाईनं किती बोलायचं तेही ठरवत असतो. म्हणून हा विषय आपला आहे.

ही मापं येतात कुठून? मोबाइलच्या संदेशाचं उदाहरण घ्या. जर्मन अभियंता फ्रिडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ मध्ये टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं लिहिली आणि अक्षरं मोजली. बहुतेक वाक्यं १६० च्या आत बसली. तेच संदेशाचं माप झालं. पण ते माप रोमी लिपीचं. त्याच संदेशात देवनागरी लिहिली, की मर्यादा ७० वर येते, कारण आपल्या अक्षराला यंत्रात जास्त जागा लागते.

शिवाय यंत्राची मोजणी आपल्यासारखी नाही. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीनं एक जोडाक्षर. यंत्र त्यात सहा खुणा मोजतं: स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी. काना, मात्रा, दोन शब्दांमधली मोकळी जागा, सगळं हिशेबात धरलं जातं. काही ठिकाणी तर खुणा न मोजता यंत्रातली जागाच मोजतात. तिथे रोमी लिपीतल्या 'लोणावळा'ला आठ घरं पुरतात, देवनागरीतल्या 'लोणावळा'ला एकवीस लागतात. गाव तेच, बाई तीच. मराठीत लिहिलं म्हणून जागा कमी.

आता हे वाक्य ऐका: "नवरा दारू पिऊन मारतो, पगार काढून घेतो. सासू उपाशी ठेवते. परवा घराबाहेर काढले." यातली सत्तरावी खूण 'घराबाहेर' या शब्दावर संपते. 'काढले' बाहेर राहतं. आजचे फोन तुकडे जोडून लांब संदेश पाठवतात, हे खरं. पण ॲपची चौकट जोडून देत नाही. ती थांबते, किंवा न सांगता पुढचं कापून टाकते.

लोणावळ्यात एका बंगल्यावर साफसफाई करणारी एक बाई आमच्याकडे आली. बंगल्याचा मॅनेजर त्रास देत होता. एका तक्रारीच्या ॲपमध्ये तिनं मुलीकडून मजकूर भरून घेतला होता. चौकट होती पाचशे अक्षरांची. मायलेकींनी आधी तारखा काढल्या. मग पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं ते काढलं. मग नाही म्हटल्यावर पगार कसा अडकवला, ते गेलं. शेवटी राहिलं एवढंच, की मॅनेजर वाईट वागतो, कारवाई व्हावी. त्यावर उत्तर आलं, तपशील अपुरा आहे. तपशील तिच्याकडे होता हो! तो ठेवायला जागा नव्हती.

बाईवरच्या अत्याचाराचं स्वरूपच असं असतं, की तो एका दिवसाचा नसतो. पाकीट मारलं गेलं, तर दोन ओळी पुरतात. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानं मारहाणीबरोबर मानसिक छळ आणि आर्थिक कोंडीही हिंसाच मानली आहे. ती कोंडी वर्षानुवर्षांच्या लहान लहान गोष्टींतूनच दिसते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदाही घटनांची मालिका असू शकते हे मानतो. म्हणून तक्रारीची तीन महिन्यांची मुदत तो शेवटच्या घटनेपासून मोजतो. कायद्याला मालिका कळते, आणि चौकटीला एकच घटना हवी! चौकटीमुळे पहिल्यांदा जातो तो इतिहास, आणि इतिहास गेला की उरते 'किरकोळ भांडण' म्हणून बाजूला टाकता येईल अशी ओळ.

आता दुसरी बाजूही पाहू. मर्यादा ठेवणारे सगळे आपले वैरी नाहीत. मोबाइल क्रमांकाला दहा आकडे, पिनकोडला सहा, ही मर्यादा चूक टाळते. वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे शेकडो अर्ज असतात, त्याला थोडक्यात सार हवं असतं, हेही मान्य. पण सार वेगळं आणि निवेदन वेगळं. साराला मर्यादा असू द्या. निवेदनाची वाट बंद करू नका.

हे अशक्य नाही. माहिती अधिकाराचंच बघा. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये नियम बदलून अर्जाला १५० शब्द आणि एकच विषय अशी अट घातली. केंद्रानं त्याच वर्षी ५०० शब्द सांगितले, पण केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळू नये, असंही नियमातच लिहिलं. एकाच कायद्याखाली एक चौकट बंद आणि दुसरीला दार.

नावाचाही प्रश्न आहे. कागदपत्रांवर आईचं नाव लागावं, ही आपली जुनी मागणी. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं ते बंधनकारक केलं. आता मूल, आई, वडील, आडनाव असे चार भाग झाले. तीन भागांच्या मापानं केलेल्या रकान्यात चौथं नाव मावलं नाही, तर कुणाचं कापलं जाईल, हे मी सांगायला नको.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, चौकट म्हणजे कायदा नव्हे. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तोंडी माहितीही पोलिसांनी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि प्रत मोफत द्यायची आहे. शब्दांची मर्यादा तिथे नाही. २०१३ च्या कायद्यात, बाईला लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तिथे, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक बंगल्यांत, लहान हॉटेलांत, चिक्कीच्या छोट्या कारखान्यांत, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्यानं तक्रार घेऊन सात दिवसांत तिकडे पाठवायची असते. बंगल्यावरच्या त्या बाईची तीन पानी तक्रार आम्ही याच वाटेनं दिली आणि पोच घेतली.

दुसरी गोष्ट, ॲप वापरावंच लागलं, तर आधी कागदावर पूर्ण लिहा. तारीख, ठिकाण, कोणी, काय केलं, कोणी पाहिलं, आधी कुणाला सांगितलं. मग चौकटीत ताजी घटना थोडक्यात टाका आणि शेवटी लिहा: "सविस्तर निवेदन सोबत/स्वतंत्र देत आहे." कागदाचा फोटो जोडता आला तर जोडा. पाठवण्याआधी शेवटची ओळ कापली गेली नाही ना, ते बघा. पाठवलेल्या मजकुराचा फोटो आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. जिवाला धोका असेल, तर ॲप बाजूला ठेवून ११२ फिरवा.

तिसरी गोष्ट, मागणी. तक्रारीच्या चौकटीत किती जागा उरली ते लिहिता लिहिता दिसावं. न सांगता मजकूर कापू नये. देवनागरीला रोमीइतकीच जागा मिळावी. निवेदन, फोटो किंवा आवाज जोडण्याची सोय असावी. आणि ॲप लोकांना देण्याआधी ते चार बायकांच्या हाती देऊन बघावं. पवनेकाठच्या एखाद्या वाडीतली बाई आपली हकिकत त्यात पूर्ण लिहू शकली, तर ते माप बरोबर.

तुमच्याकडे आलेल्या प्रत्येक अर्जात काय काय कापावं लागलं, त्याची नोंद आजपासून ठेवा. पुढच्या बैठकीला त्या वह्या आणा. त्या घेऊन आपण वडगावला तहसील कचेरीत जाऊ.