अडकलेला हीटर प्लग आणि उतावळा हात
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात खडकी येथे केलेले भाषण)



आजन्म खडू हाती धरलेल्या मास्तराने इंजिनावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ही खडकी आहे. दारूगोळ्याचा कारखाना येथे १८६९ मध्ये निघाला, आणि १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीने खडकीचे नाव शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत नेले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते व त्या उष्णतेने तेल पेटते. मात्र पुष्कळ गाड्यांच्या इंजिनांत थंडीच्या सकाळी गार धातूच ती उष्णता शोषून घेतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरास विजेने लाल होणारी एक कांडी बसवितात. तिला आपले मिस्त्री हीटर प्लग म्हणतात. कालांतराने तिच्या टोकाभोवती काजळी साचते, आटे जखडतात आणि ती जागची हलत नाही.

गेल्या पौषात आमच्या पुतण्याची कर्जाऊ घेतलेली मालगाडी सुरू होईना. चारांपैकी एक प्लग निघेना. आम्ही शेजारी उभे राहून, वर्गात म्हणत असू तसेच म्हणालो, "अरे, जोर लाव!" त्याने जोर लावला आणि प्लग मध्येच तुटला.

बोलाविलेल्या वृद्ध मिस्त्रींनी आम्हांस रागे भरले नाही. ते म्हणाले, "मास्तर, इंजिन गरम करून घेतले होते का?" आम्ही खाली पाहिले. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, हे आम्ही किती वर्षे फळ्यावर लिहीत आलो! ॲल्युमिनियमचे हेड तापले की भोक रुंदावते आणि पोलादी प्लगावरील पकड सैल होते, हे मात्र कधी ध्यानात आले नाही.

त्यांनी सांगितलेला क्रम असा. प्रथम प्लगभोवतीची धूळ काढावी. आदल्या रात्री आट्यांपाशी गंज सोडविणारे तेल घालावे. सकाळी इंजिन तापवावे, मग विजेची तार सोडवून मोजमापाच्या पान्याने प्लग हळूहळू मागेपुढे फिरवावा. दहा मिलिमीटर आट्यांचा प्लग साधारणतः ३५ न्यूटन-मीटरच्या पिळास तुटतो. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाशी सुमारे १२ किलो वजन. त्याच्या पुष्कळ अलीकडेच थांबावे व पुन्हा तेल घालावे.

आमचा प्लग तर तुटलाच होता. तुकडा आत पडू नये म्हणून हेड उतरविले. मधली तार काढून, नेमक्या मध्यावर ड्रिल धरून, आट्यांस धक्का न लावता त्यांनी तुकडा बाहेर काढला. भोकातील काजळी खरवडून मगच नवा प्लग बसविला. चार दिवस गाडी उभी राहिली. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही.

ते मिस्त्री आपल्याच ज्ञातीतले. दरवर्षी या व्यासपीठावर आपण परीक्षेत गुण मिळविणाऱ्यांना गौरवितो; त्यांना मात्र आजवर कोणी येथे बोलाविले नाही. पुढील वर्षीपासून एक पारितोषिक हाताने काम शिकणाऱ्या मुलास द्यावे, आणि ते मिस्त्रींच्या हस्ते द्यावे, अशी आमची मंडळास नम्र सूचना आहे. पहिल्या पारितोषिकाची रक्कम आम्ही देऊ. जोर लावण्यास सांगणारे आम्ही होतो. एवढे ऋण फेडणे आम्हांस प्राप्त आहे.