वायव्हर्न आणि निसर्गाचा हिशेब

युरोपांतील कुलचिन्हांवर वायव्हर्न नांवाचा कल्पित प्राणी आढळतो. त्याला पाय दोन व पंख दोन. ड्रॅगनला मात्र बहुधा चार पाय आणि शिवाय पंख! प्राणिशास्त्राच्या कसोटीस वायव्हर्नच उतरतो. भूचर पृष्ठवंशीयांच्या घडणींत अवयवांच्या जोड्या दोनच. पंख हवे असतील तर हात द्यावे लागतात. पक्ष्यांनीं ते दिले, वटवाघुळांनीं दिले. टेरोसॉर या उडत्या सरीसृपांनीं तर एकट्या चौथ्या बोटावर पंखाचा पडदा तोलला. १९७१ सालीं टेक्ससमध्यें सांपडलेल्या क्वेट्झलकोॲटलसच्या पंखांचा विस्तार सुमारें १० मीटर होता. जमिनीवर तो पंख मिटून चारी अवयवांवर चाले. ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं हें कुळ लोपलें. उत्क्रांति नवा अवयव उसना आणीत नाहीं. असलेल्याचेंच रूप पालटते.