अपूर्ण मागणे आणि कृतज्ञता

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात एका रुग्णाच्या नातेवाइकाने केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. गोरेगाव तालुक्यातील एका खेड्यातला निवृत्त शिक्षक आहे. बोलायचे आहे ते माझ्या आईविषयी आणि देवाने अखेरपर्यंत पूर्ण न केलेल्या तिच्या एका मागण्याविषयी.

आईचे अवघे आयुष्य धानाच्या बांधीत गेले. साठीनंतर ती उंबरठ्याला अडखळू लागली, बाजूला ठेवलेला तांब्या तिच्या हाताने कलंडू लागला. समोरचे दिसत होते, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. ‘रोवणी आटोपली की दाखवू,’ असे मी म्हणालो. मग कापणी आली, मग मळणी. अखेर नेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते बदलता येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच निकामी होत जाते. बहुधा आधी कडेची नजर जाते, आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी उरलेली तेवढी राखता येते. आमच्याकडे राखण्याजोगे फारच थोडे उरले होते.

दोन वर्षांत पूर्ण अंधार झाला. त्यानंतर माझ्या घरी मुलगा जन्मला. ‘एकदा याचं तोंड पाहू दे,’ एवढेच आई दर एकादशीला विठ्ठलाकडे मागत असे. अकरा वर्षे तिने हेच मागितले. नातवाचा चेहरा तिने बोटांनीच ओळखला.

त्या काळात मी देवापुढे हात जोडणे सोडले होते. खरे सांगायचे तर राग देवावर कमी आणि स्वतःवर अधिक होता. आई मात्र दिवेलागणीला दिवसभराच्या लाभाचा हिशेब मांडी: ऊन भात मिळाला, शेजारीण बोलायला आली, नातवाने पाढे म्हणून दाखवले. मला तो मनाच्या समजुतीचा खेळ वाटे.

आई मला आपल्या विदर्भातील संत गुलाबराव महाराजांचे चरित्र वाचून दाखवायला सांगे. महाराजांचा जन्म १८८१ चा, अमरावती जिल्ह्यातला. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली आणि ती परत आली नाही. इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी ज्ञान संपादन केले, विपुल ग्रंथरचना केली आणि ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून त्यांची ख्याती झाली. सहा शतकांपूर्वी समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वरांना ते आपले पिता व गुरू मानीत आणि स्वतःला त्यांची कन्या म्हणवीत. १९१५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

एकदा मी चिडून आईला विचारले, ‘महाराजांना विद्या तरी मिळाली. तुला काय मिळाले?’ ती शांतपणे म्हणाली, ‘बाबू, मागितलं ते नाही भेटलं. पण मागायला कोणी आहे ना!’

या उत्तराचा अर्थ मला फार उशिरा कळला. कृतज्ञता ही इच्छापूर्तीची पावती नव्हे. आईची इच्छा शेवटपर्यंत जिवंत होती, दुःखही खरे होते. तरीही आपले ऐकणारा कोणी आहे या विश्वासामुळे ते दुःख कडवट झाले नाही.

आईने नेत्रदानाची इच्छा सांगितली तेव्हा आम्ही चकित झालो. डॉक्टरांनी समजावले की काचबिंदूत नस जाते, पण डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा चांगला राहू शकतो, आणि नेत्ररोपणात तोच वापरतात. आई गेली त्या रात्री आम्ही तातडीने कळवले, कारण मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्र काढावे लागतात. ते कोणाला लाभले, हे नियमाप्रमाणे सांगितले जात नाही. पण जिला स्वतःचा नातू पाहता आला नाही, तिच्या डोळ्यांतून कदाचित कोणी आपले लेकरू पाहत असेल.

काचबिंदू कुटुंबात उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांच्या आग्रहाने मीही तपासणी केली. सुरुवात झालेली होती. आज रोज थेंब घालतो आणि हा कागद स्वतः वाचतो आहे. माझी दृष्टी हे आईच्या अंधाराने मला दिलेले दान आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांना माझी हात जोडून विनंती आहे: श्रद्धा ठेवा, पण श्रद्धेच्या किंवा शेतीच्या कामाच्या नावाखाली उपचार लांबवू नका. माझ्या हातून घडलेली चूक आपल्या हातून घडू नये. चाळिशीनंतर डोळे तपासून घ्या. घरात कोणाला काचबिंदू असेल तर विलंब मुळीच नको. आणि देणगीदारांना इतकेच सांगतो की येथे येणाऱ्या प्रत्येकाचे मागणे पूर्ण होईलच असे नाही. पण ते मागणे ऐकून घेणारे एक दार आपल्या दानामुळे उघडे राहते. आमच्यासारख्यांना तेही फार मोठे आहे.

त्या ऋणाचे स्मरण ठेवून मी आपली रजा घेतो.