अफूचें व्यसन आणि रक्ताचा वारसा

बापाला अफूचें व्यसन होतें, तेव्हां मुलगाही त्याच वाटेनें जाणार, असें लोक सहज बोलून जातात. हा निकाल कितपत न्याय्य आहे, हें शास्त्राच्या कसोटीवर पाहणें इष्ट होय.

अफूंतील मॉर्फिन मेंदूच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांस जाऊन चिकटतें. या ग्राहकांचें अस्तित्व १९७३ सालीं सिद्ध झालें. त्यांतील प्रमुख ग्राहक घडविणारें जनुक सहाव्या गुणसूत्रावर असतें. एकरूप जुळ्यांचा सारा वारसा समान, तर भिन्न जुळ्यांचा सरासरीनें निम्माच. या दोहोंच्या तुलनेवरून असें दिसतें कीं, या व्यसनाबाबत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्याचा सुमारें निम्मा भाग आनुवंशिक असतो. मात्र तो एका जनुकाचा प्रताप नसून अनेक जनुकांच्या अल्पशा परिणामांची बेरीज होय.

उरलेला भाग परिस्थितीचा. १९७१ सालीं व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांची ली रॉबिन्स या विदुषीनें पाहणी केली. तेथें असतांना सुमारें पांचांपैकीं एक सैनिक व्यसनाधीन झाला होता. परंतु घरीं आल्यावर पहिल्या वर्षांत त्यांतील फार थोडेच पुन्हां व्यसनांत सांपडले. जनुकें तींच होतीं. पालटली ती परिस्थिति.

तात्पर्य, वारशावरून मुलाचें भविष्य ठरत नाहीं. सावधगिरी मात्र शिकतां येते. ज्या कुळांत असें व्यसन होऊन गेलें, तेथें शस्त्रक्रियेनंतर अफूजन्य वेदनाशामक घेण्यापूर्वीं डॉक्टरांस तें नि:संकोच सांगावें. बापाच्या व्यसनाची मुलास लाज वाटूं नये. त्याची माहिती मात्र अवश्य असावी.