चोवीस रकाने एकट्याने भरायचे नाहीत
(खारी, भाईंदर पूर्व येथील बैठकीतलं भाषण)



खारीतनं कविता आणि कथांचं अनियतकालिक काढायचं, एवढ्यासाठीच आपण जमलोय. मी भाषण ठोकायला नाही, हिशेब मांडायला आलोय.

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. हे आपल्याला तोंडपाठ. पुढचं कुणी बोलत नाही. 'मूकनायक' १९२३ ला बंद पडला. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाला, तो १९२९ ला थांबला. वर्गणीदार पुरेसे नव्हते, लिहिणारे हात नव्हते. बाबासाहेब एकटे चोवीस-चोवीस रकाने भरत, तेही फुकट. तेव्हा समाजाला कंगाल ठेवलेलं, निरक्षर ठेवलेलं. आज तुम्ही शिकलात, कमावता. मग आता निमित्त काय सांगणार?

१९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी 'सत्यकथे'ची होळी केली. ती आपल्याला फार आवडते. पण ही माणसं नुसती काडी ओढून थांबली नाहीत. 'येरू', 'चक्रवर्ती' असे स्वतःचे अंक काढले. जाळणं एका संध्याकाळचं काम आहे. काढणं रोजचं.

खारीतनंच का? खारीसारखी गावं एकत्र करून १९८५ ला नगरपरिषद झाली, २००२ ला महानगरपालिका. गावाचं शहर झालं. पण मिठागरात राबलेली बाई, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारून काळा पडलेला पोरगा, लोकलच्या दारात लोंबकळणारा बाप, हे कुठं छापून आले? फ्लॅटच्या जाहिरातीत भाईंदर पानभर असतं. मराठी कथेत ते शोधावं लागतं.

म्हणून कथा हवी. कविता ढीगभर येतील, फोनवर येतातच. पन्नास अंगठे मिळतात आणि सकाळी सगळं वाहून जातं. कथेला बसायला जागा लागते, वेळ लागतो, आणि आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन्हीची मारामार. तरी माटुंगा लेबर कॅम्पात राहिलेल्या बाबुराव बागुलांनी १९६३ ला 'जेव्हा मी जात चोरली होती' दिलंच ना? आपणही लिहायचं.

आता कामाचं. बाबासाहेबांचं नाव घेतलं म्हणून कविता छापायची नाही. ती कविता झाली असेल तर छापायची. साहित्य परत करायचं तर कारण लिहून करायचं, मग तो संपादकाचा मेहुणा का असेना. आईनं सांगितलेली गोष्ट तुम्ही उतरवली तर वर नाव आईचं. आणि नगरसेवकाच्या शुभेच्छांचं पान घ्यायचं नाही. आज तो पान देईल, उद्या कोणती कथा नको ते सांगेल.

सोळा पानं पुरेत. छपाईला पैसे नसतील तर झेरॉक्स काढा, टाचण्या मारा. पण दुसरा अंक निघाला पाहिजे. पहिला अंक उत्साहावर निघतो, दुसरा वर्गणीवर. पहिल्याला टाळ्या वाजवून दुसऱ्याला पाठ दाखवणारे आपल्यात कमी नाहीत.

वही दाराशी ठेवलीय. त्यात नाव लिहा, वर्गणी द्या, आणि कथा कधी देणार ती तारीखही लिहा. ही वही कोरी राहिली, तर उद्या भिंतीवरच्या फोटोला हार घालताना त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येणार नाही.

जय भीम.