सेनासाहेबसुभा : एका किताबाची कहाणी

लांजीचा जुना किल्ला आज बालाघाट जिल्ह्यात मोडतो. गोंडांच्या मागून वैनगंगेकाठचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि त्यांच्या नावामागे जो किताब होता त्याचा अंमल या रानापर्यंत पोचला. तो किताब म्हणजे ‘सेनासाहेबसुभा’.

मोगलांच्या कैदेतून १७०७ साली सुटून आलेल्या शाहू महाराजांना जे सरदार आरंभीच येऊन मिळाले, त्यांत परसोजी भोसले होते. त्या निष्ठेचे फळ म्हणून हा किताब घराण्यास लाभला. पुढे पहिल्या रघूजींनी चुलते कान्होजी यांना दूर सारून तो स्वतःकडे घेतला. देवगडचे राज्य हाती आले, तरी ‘राजा’ हे नाव त्यांनी गोंड राजा बुऱ्हाणशाह याच्याकडेच राहू दिले. सत्ता मात्र सेनासाहेबसुभ्याची!

स्कॉटलंडमधील उमरावाचा किताब ठरलेल्या वारसाक्रमाने आपोआप पुढे जातो. येथे तसे नव्हते. किताब घराण्याचा खरा; परंतु प्रत्येक नव्या धन्यास छत्रपतींची वस्त्रे लागत, त्यासाठी नजराणा मोजावा लागे. १७४९ साली शाहू महाराज निवर्तल्यावर ही वस्त्रे कोणास द्यावयाची, हे पुण्याच्या पेशव्यांकडून ठरू लागले. भाऊबंदकीस याहून सोयीचे निमित्त कोणते?

१७५५ साली पहिले रघूजी वारले आणि जानोजी व मुधोजी यांच्यात तंटा लागला. जानोजी सेनासाहेबसुभा झाले. मुधोजींना ‘सेनाधुरंधर’ हा किताब देऊन समजूत घालण्यात आली, पण ती काही पटली नाही. जानोजींना पुत्र नव्हता. त्यांनी मुधोजींचा मुलगा रघूजी यास वारस ठरविले होते. १७७२ साली जानोजींचे देहावसान होताच तिसरे बंधू साबाजी हक्क सांगू लागले. अखेर १७७५ साली नागपूरनजीक पाचगाव येथे लढाई जुंपली, आणि मुधोजींच्या हातून पिस्तुलाच्या गोळीने साबाजी ठार झाले. बाल रघूजींचा किताब निर्वेध झाला तो चुलत्याच्या रक्ताने.

पुढे १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्यांकडून आलेली वस्त्रे आणि ‘सेनापती’ हे पद भर दरबारात स्वीकारले. पेशवे तेव्हा इंग्रजांशी लढत होते, आणि रेसिडेंट जेंकिन्स यांनी आप्पासाहेबांना आधीच इशारा दिला होता. दोनच दिवसांनी सीताबर्डीची लढाई पेटली. १८२६ च्या तहाने साताऱ्याशी असलेला जुना संबंध इंग्रजांनी तोडविला.

तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक अमान्य करून १८५४ साली राज्य खालसा केले. १८५७ च्या उठावानंतर दत्तक जानोजींना ‘देऊरचे राजाबहादूर’ हा किताब मिळाला. देऊर हे गाव सातारा जिल्ह्यातले. नागपूरच्या गादीचा त्यात उल्लेख नाही.

स्वतः डलहौसी एका स्कॉटिश घराण्याचे दहावे अर्ल होते. पंजाब जिंकल्यावर त्यांना ‘मार्क्विस’ हा वरचा किताब मिळाला होता. १८६० च्या डिसेंबरात ते वारले. मागे दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. अर्लचे पद चुलत घराण्यात गेले. मार्क्विसचा किताब मात्र वारसाअभावी तेथेच संपला.