आपलं काम आपणच सांगायचं

मैत्रिणींनो, जेवणखाण उरकून, भांडी पालथी घालून आता कुठं टेकला असाल. कुणी शेवग्याच्या शेंगा निवडत असेल, कुणी मशीनवर बसली असेल. हात चालू राहू द्यात, कान तेवढे इकडे द्या.

आज आम्ही बोलणार आहोत चित्रांच्या प्रदर्शनाबद्दल. काहीजणी लगेच म्हणतील, त्याच्याशी आपला काय संबंध? आपण पापड लाटणाऱ्या, चटण्या कुटणाऱ्या, वाकळा शिवणाऱ्या बाया. पण संबंध आहे. आमच्या गटातल्या एका वहिनींची लेक कोल्हापुरात चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या प्रदर्शनाच्या तयारीत आम्ही गटातल्या बाराजणी तीन महिने हातभार लावत होतो. त्यात जे पाहिलं ते पापडाच्या पुड्यालाही लागू पडतं, म्हणून सांगावंसं वाटलं.

आधी हे प्रदर्शन म्हणजे काय ते सांगतो. आपली पोरं शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा देतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातली काही पुढं बारावीनंतर चार वर्षं चित्रकलेचं शिक्षण घेतात. शेवटच्या वर्षी वर्ग रिकामे करतात, भिंती पांढऱ्या करतात आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आपलं काम मांडायला जागा देतात. बघायला परीक्षक येतात, तसे बाहेरचे लोकही येतात. शाळांचे कलाशिक्षक, छपाईवाले, कापडाचे व्यापारी, घर सजवून देणारे, गॅलरीवाले. बाकीच्या पोरांना नोकरीसाठी मुलाखत असते, चित्रकाराला हे प्रदर्शन असतं. चार-पाच दिवसांत लोकांना कळलं पाहिजे की ही कोण आणि हिला काय येतं.

वहिनींच्या घरात या प्रदर्शनावर बरंच काही अवलंबून होतं. चार वर्षांत रंग, कॅनव्हास, खोलीभाडं, यासाठी दोनदा गटातून कर्ज घेतलं होतं. भावकीत बोलणी चालू होती, ‘चित्रं काढून पोट भरतं का? स्थळं येतायत तोवर उरकून टाका.’ पोरीचा बाप गप्प होता. तो एवढंच म्हणाला, ‘प्रदर्शन होऊ दे, मग बघू.’ म्हणजे परीक्षा नुसती कॉलेजची नव्हती.

पोरीनं विषय घेतला वाकळेचा. जुनेरं फाडून, थरावर थर घालून, धावदोऱ्यानं शिवलेली आपली वाकळ. वाकळ शिवणाऱ्या बायांची पाच मोठी चित्रं तिनं काढली. शिवाय तिनं रेखाटन करून दिलं आणि त्यावरून तिच्या आईनं आणि चुलतीनं एक खरीखुरी वाकळ शिवली. तीही भिंतीवर लावायची होती.

पहिली अडचण आली ती चार ओळी लिहिण्याची. प्रत्येकानं आपल्या कामाविषयी थोडक्यात लिहून भिंतीवर लावायचं असतं. पोरीनं पान भरून लिहिलं. संस्कृती, परंपरा, स्त्रीचं भावविश्व, असे मोठाले शब्द. तिनं ते गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, ‘बाई, हे वाचून मला माझीच वाकळ ओळखू येईना.’ सगळ्या हसलो. मग आम्ही तिला विचारायला लागलो. कशाचं आहे? कुणी केलं? का केलं? ती बोलत गेली आणि एकजण लिहीत गेली. शेवटी उरलं ते असं: ‘माझ्या आजीची दोन लुगडी, आईच्या चार साड्या आणि माझा शाळेचा गणवेश या वाकळेत आहे. आमच्या घरातल्या बायांनी काय नेसलं, काय फाडलं आणि काय जपून ठेवलं, ते मी रंगवते.’ एवढंच. प्रदर्शनात लोक ते थांबून वाचत होते.

बायांनो, आपल्याला सवय आहे, कुणी विचारलं तर म्हणायचं, ‘काही नाही हो, घरचंच आहे, सहज केलंय.’ आपलं आपण सांगणं म्हणजे बढाई, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. पण बढाई म्हणजे नाही ते आहे म्हणून सांगणं. आहे ते आहे म्हणून सांगणं ही माहिती झाली. गिऱ्हाइकाला माहिती लागते. ती आपण दिली नाही, तर तो आपल्या मालाची किंमत त्याच्या मनानं करतो.

दुसरा प्रश्न नावाचा. चित्राशेजारी छोटी पट्टी लावतात. त्यावर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, कशावर आणि कशानं काढलं ते, उंची-रुंदी, साल आणि विकायचं असेल तर किंमत लिहितात. वाकळेच्या पट्टीवर पोरीनं स्वतःच्या नावाखाली आईचं आणि चुलतीचं नाव लिहायचं ठरवलं. कॉलेजमधल्या एका सरांचं म्हणणं, परीक्षा तुझी आहे, मदतनिसांची नावं कशाला? आणि वहिनी स्वतःच म्हणाल्या, ‘माझं नाव नको गं, लोक हसतील. वाकळ घरची, तिच्यावर नाव कसलं?’ आमच्यातही दोन तट पडले. निम्म्या म्हणाल्या, पोरीचे मार्क जायला नकोत. निम्म्या म्हणाल्या, चाळीस दुपारी जिनं बोटं टोचून घेतली, तिचं नाव हवंच.

तेव्हा पोरीनं आम्हाला वारली चित्रांची गोष्ट सांगितली. डहाणू-तलासरीकडं वारली लोकांच्या लग्नात भिंतीवर देवचौक लिहितात. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि लिहिणाऱ्या सुवासिनी. पिढ्यानपिढ्या हे बायांचं काम. 1970 च्या दशकात या चित्रकलेकडं शहराचं लक्ष गेलं, कागद आले, रंग आले, प्रदर्शनं झाली. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांचं काम मोठं, त्याबद्दल दुमत नाही. पण भिंतीवर चौक लिहिणाऱ्या त्या सुवासिनींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं, आणि नाव तर कधी लिहिलंच नव्हतं.

हे ऐकून वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘लिही. पण माहेरचं नाव पण लिही.’ पोरीनं सरांना जाऊन सांगितलं, रेखाटन माझं, शिवण यांची, आणि पट्टीवर तसंच लिहीन. सर तयार झाले. खोटं काहीच नव्हतं, तर अडवणार कशाला?

तिसरी गोष्ट किमतीची. ही कागद-पेन्सिल घेऊन ऐका. दोघीजणी रोज दोन तास, चाळीस दिवस शिवत होत्या. दोन गुणिले दोन गुणिले चाळीस, म्हणजे 160 तास. तासाला 40 रुपये धरले तरी 6,400 झाले. दोरा, सुया, अस्तराचं कापड 300 रुपये. एकूण 6,700. पोरीनं तीच किंमत लावली. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ म्हणाले, ‘जुन्या साड्यांचीच आहे ना? आठशेला द्या.’ आठशे भागिले 160, तासाला पाच रुपये. वहिनींनी तिथंच उभं राहून त्यांना हा हिशेब सांगितला. आवाज थोडा कापत होता, पण हिशेब बरोबर होता. गृहस्थ हसून पुढं गेले. जाऊ देत. प्रत्येक गिऱ्हाईक आपलं नसतं.

आणखी एक लक्षात ठेवा. गॅलरीत चित्र विकलं तर गॅलरी आपला हिस्सा कापून घेते, कुठं तिसरा भाग, कुठं निम्मा. आपल्या मालाचंही तसंच. दुकानात ठेवायचा तर दुकानदाराचा हिस्सा किमतीत आधीच धरायला हवा. नाहीतर आपली मजुरी त्याच्या खिशात जाते.

आता मांडणीचं सांगतो, कारण तिथं आमचं खरं काम झालं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर ठेवतात, म्हणजे उभ्या माणसाची नजर सरळ तिथं जाते. पाचही चित्रं लहानमोठी, पण मध्य एका रेषेत. ती रेष आम्ही दोरीला चुना लावून मारली, जशी गवंडी मारतात. वाकळ टांगायची कशी, हे मात्र कॉलेजात कुणाला नीट सुचत नव्हतं. कुणी म्हणालं चिमटे लावा, कुणी म्हणालं खिळे मारा. वाकळेचं वजन मोठं, दोन टोकांना धरली की मध्ये झोळ येतो आणि कापड ताणून फाटतं. चुलतीनं मागच्या बाजूला वरच्या काठाला पूर्ण रुंदीचा नेफा शिवला, परकराला असतो तसा, आणि त्यातून दांडी घातली. वजन सगळीकडं सारखं वाटलं गेलं, वाकळ सरळ उभी राहिली. शेजारच्या मुलांनीही येऊन पाहून घेतलं. बायांनो, आपल्याला जे येतं ते कुठं कामाला येईल, सांगता येत नाही.

मग लोकांना कळवणं. पोरीनं तीन कामं केली. एक, प्रत्येक कामाचे चांगले फोटो काढले. सावलीत, सकाळच्या उजेडात, फोन चित्रासमोर सरळ धरून, तिरका नाही. दोन, इन्स्टाग्रामवर नुसतं तयार चित्र न टाकता काम चालू असतानाची छायाचित्रं टाकली. सुईत दोरा ओवणारे हात, जुनेरांचा ढीग. लोकांना ते जास्त आवडलं. तीन, ओळखीच्या-बिनओळखीच्या साठ जणांची यादी केली आणि प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवला. आठ दिवस आधी एकदा, आदल्या दिवशी पुन्हा. निरोपात तारीख, वेळ, जागा आणि एसटी स्टँडवरून कसं यायचं तेही. प्रदर्शनात दारापाशी एक वही ठेवली, येणाऱ्यानं नाव, फोन आणि अभिप्राय लिहायचा. ती वही म्हणजे पुढच्या वेळची यादी.

काळजीही घेतली. घरचा पत्ता कुठं टाकला नाही. कामासाठी वेगळा नंबर घेतला. एकानं मेसेज केला, ‘तुमची चित्रं मोठ्या प्रदर्शनात लावतो, आधी नोंदणीचे पैसे पाठवा.’ तिनं आधी चौकशी केली. जागा कुठली, कुणाची, कधी? उत्तर आलं नाही, पैसे गेले नाहीत. आणि हे तर सगळ्यांनीच पाठ करा: आपल्याला पैसे येणार असतील तर पिन टाकावा लागत नाही. कुणी पिन टाका म्हणाला, की समजा तो पैसे द्यायला नाही, घ्यायला आलाय.

एक कायद्याची गोष्ट. चित्र विकलं म्हणजे त्याची नक्कल करायचा, ते पिशव्यांवर किंवा कॅलेंडरवर छापायचा हक्क विकला, असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपल्या मनानं काढलेल्या चित्राचा हक्क चित्रकाराकडं राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. म्हणून कुणीही पुढं केलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. ठरवून काम घेताना तर हक्क कुणाकडं राहणार, हे आधीच लिहून घ्या.

आता तुम्ही विचाराल, झालं काय? सांगतो. वाकळ विकली गेली नाही. ती घरी परत आली. वहिनी म्हणाल्या, ‘बरं झालं, थंडीत अंगावर घ्यायला झाली.’ पाचातली दोन चित्रं मात्र गेली. त्या पैशांतून गटाचं एक कर्ज फिटलं, दुसऱ्याचे हप्ते चालू आहेत. वहीत नाव लिहून गेलेल्या एका शाळेच्या बाईंनी पोरीला सुट्टीत मुलांचा वर्ग घ्यायला बोलावलं. एका कापडवाल्यानं रेखाटनं मागितली, त्यानं आधी कागद पाठवला आणि पोर तो वाचतेय. स्थळांचं बोलणं भावकीत अजून निघतं. पण परवा कुणीतरी पुन्हा विचारलं, ‘चित्रं काढून पोट भरतं का?’ तर पोरीचा बाप म्हणाला, ‘तिचं चाललंय, चालू दे.’ इतकी वर्षं गप्प असलेला माणूस.

तुमच्यासाठी आजचं काम सांगतो. तुम्ही जे बनवता, चटणी असो, कुरडई असो, टोपली असो, त्याबद्दल चार ओळी लिहून काढा. कशाचं केलं. कसं केलं. किती तास लागले. आणि चौथी ओळ नावाची. गटाचं नाव असू दे, पण त्याखाली तुमचं स्वतःचंही. लिहिता येत नसेल तर लेकीला, सुनेला, नातवाला सांगा, पण शब्द तुमचे असू द्यात. पुढच्या बैठकीत त्या ओळी एकमेकींना वाचून दाखवा. जे कुणाला ओळखू येणार नाही ते खोडा, जे ओळखीचं वाटेल ते ठेवा. मग ते पुड्यावर चिकटवा.

चला, निरोप घेतो. कामाला लागा, आणि कुणी विचारलं तर ‘काही नाही हो’ म्हणू नका.